दसऱ्याच्या कुंकवाचा डाग

आमच्या गाडीच्या बॉनेटवर माझ्या बायकोच्या बोटाची खूण राहिली आहे. बाई गेली, खूण राहिली. ती काढायची का ठेवायची यात यंदा शिमग्यापासून पाडव्यापर्यंतचे माझे दिवस गेले, त्याची ही हकिगत. मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीत सुटली. त्यामुळं जसं येईल तसं लिहितो.

चाळीस वर्षं मी गाड्या रंगवल्या आणि घासल्या. आधी स्वारगेटकडं दुसऱ्याच्या गॅरेजात, नंतर धायरीत घराच्या पुढ्यात पत्र्याची शेड टाकून. आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शेड आहे, धंदा नाही.

लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावायचं. लावायचं नसतं, काढायचं असतं. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढा पातळ. चरा पडतो तो त्याच्यात. मशीनला फोमचा गोल पॅड लावायचा, त्यावर रबिंगचं औषध घ्यायचं आणि चऱ्याच्या भोवतालचा क्लिअर घासून चऱ्याच्या पातळीला आणायचा. गिऱ्हाईक म्हणतं, चरा गेला. चरा कुठं जातो? त्याच्या भोवतालचं जातं. पॅड कडक असला तर लवकर जातं, मऊ असला तर उशिरा. कुठल्या पॅडनं किती काढायचं आणि कुठं थांबायचं, सगळी अक्कल काय ती एवढीच.

दसऱ्यानंतरचे आठ दिवस आमचा हंगाम असायचा. लोक गाडीची पूजा करतात. बॉनेटवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढतात, हार घालतात, नारळ फोडतात. आणि कुंकू पुसायचं नसतं म्हणून तसंच उन्हात ठेवतात. हल्लीच्या कुंकवात काय रंग कालवतात देवाला ठाऊक. ऊन लागलं की ते क्लिअरमध्ये उतरतं. धुतलं तर लाल जातं, पण खाली आकार राहतो, पुसट, घासलेल्या काचेसारखा. मग गाड्या रांगेनं माझ्या दारात. "मिस्त्री, एवढं घालवा." मी इतक्या लोकांची स्वस्तिकं घासून काढली आहेत की पाप लागायचं असेल तर एव्हाना लागलं असेल.

दिवसभर ते करून संध्याकाळी मान वर करावी, तर घरच्या गाडीवर तेच.

गाडी जुनी, गडद निळी. एका गिऱ्हाइकाकडून घेतली आणि मी स्वतः अख्खी नव्यानं रंगवली. रंगाऱ्याची गाडी म्हणजे त्याच्या दुकानाची पाटी. शेडच्या तोंडाशी उभी करायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. बायकोला हे कळत नव्हतं असं नाही. कळून स्वस्तिक काढायची.

"अगं, चाकाला हळद लाव की. बॉनेटवर कशाला?"

"चाकाच्या पाया पडतं व्हय कुणी?"

"मग मी उद्या पुसणार."

"पुसा. कुंकू पुसायची लई हौस तुम्हाला. मी बसते पांढरं कपाळ घिऊन."

"मी जिता हाय की समोर."

"म्हणून तर काढती."

तिच्याशी बोलून कुणी जिंकलेलं मला माहीत नाही.

अकरा दसरे असं चाललं. ती काढायची आणि दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन घालवायचो. त्याला मी सगळ्यात कडक पॅड वापरायचो. एका दिवसाचा ताजा डाग मऊ पॅडनं सहज गेला असता. पण मला राग असायचा आणि घाई असायची. गिऱ्हाइकाच्या गाडीवर मी असं कधी केलं नाही.

गेल्या दसऱ्याला मी अंघोळ करून बाहेर आलो तर तिचं काढून झालेलं. नारळाचं पाणी बॉनेटभर. त्या सकाळी दुसऱ्याच कशावरून तरी माझं डोकं फिरलं होतं. कशावरून, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही. तिला म्हणालो, "हात कसा झडत न्हाई गं तुझा?"

ती हसली. बोटाला राहिलेलं कुंकू ताटाच्या कडेला पुसलं आणि आत गेली.

बोलून गेलो ते माझं मलाच लागलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मशीन काढलं नाही. म्हटलं, राहू दे चार दिवस, तिचं समाधान होऊ दे.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं. उजवी बाजू गेली होती. तोंड जरा वाकडं, पाय ओढल्यासारखा, आणि उजवा हात तर नुसता लोंबत होता. मागच्या सीटवर घालून मी तिला दवाखान्यात नेलं. मीच चालवली, अर्धं दिसत होतं, अर्धं नाही. पण समोर बॉनेटवरचं लाल स्वस्तिक मात्र स्वच्छ दिसत होतं.

सतरा दिवस ती तिथं होती. गाडी दवाखान्याच्या पटांगणात उन्हात, आणि मी तिच्या उजव्या हाताशी. तो हात सुजला होता. दाबला की खड्डा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. एकदा जवळ कुणी नव्हतं तेव्हा मी म्हणालो, "अगं, तसं बोलायला नको होतं मी." तिची वाचा गेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. कळलं का नाही, मला सांगता येत नाही. अठराव्या दिवशी ती गेली.

लोक म्हणतात, बोलण्यानं काही होत नसतं. मलाही कळतं. तिला रक्तदाब होता, गोळ्या चुकवायची. पण कळणं वेगळं आणि सकाळी उठून शेडमध्ये जाणं वेगळं.

गाडीचं तोंड शेडच्या बाहेर येतं. थंडीत बॉनेटवर दव पडायचं. सगळीकडं टपोरे थेंब, आणि जिथं कुंकू होतं त्या रेघांवर पाणी पसरलेलं. त्यामुळं निळ्यावर अख्खं स्वस्तिक उठून यायचं. ऊन चढलं की विरायचं. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. तिची रेघ मी कुठंही ओळखेन. करंगळीशेजारच्या बोटाचं टोक तिनं विळीवर कापून घेतलं होतं, त्याला खाच पडली होती. त्यामुळं तिची रेघ मधून चिरलेली यायची. आणि स्वस्तिकाचा चौथा हात कायम आखूड. सुरुवातीला जागा उधळायची आणि शेवटी पुरायची नाही.

मी गाडीवर ताडपत्री टाकली. मग खाली ते आहे का, हे बघायला ताडपत्री काढू लागलो. दिवसातून तीनदा, चारदा. एकदा मला वाटलं, चौथा हात कालच्यापेक्षा लांब झालाय. सुतळी आणून मोजला, गाठ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघितली. तेवढाच होता. सुतळी हातात घेऊन उभा होतो तेव्हा मला माझीच भीती वाटली.

एकुलती लेक वाघोलीला असते, कॉलेजात नोकरी करते. माझे डोळे असे, तिला गाडीची गरज, म्हणून पाडव्याला तिनं गाडी न्यायची असं ठरलं. शिमग्याला आली होती तेव्हा म्हणाली, जरा चालवून बघते. गेली, आणि अर्ध्या तासात परत. खाली उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली,

"आप्पा, बॉनेटवर काय आहे ते?"

"काय आहे ते तुला माहीत आहे."

"ऊन समोरून आलं की डायरेक्ट डोळ्यांत येतं. सिग्नलला थांबले आणि रडायलाच लागले. मागचा हॉर्न मारतोय, मला गिअर पडेना."

"होईल सवय."

"मला सवय करायची नाहीये. लोकांचं काढत होता ना तुम्ही? मग हेपण काढा."

"नाही काढलं तर?"

"तर राहू दे गाडी इथंच. बसा बघत."

पोरगी आईवर गेली आहे. मी म्हणालो, काढतो. पण बायकोच्या हातचं आता दुसरं काही उरलं नव्हतं. डब्यातलं मेतकूटसुद्धा मी माघात संपवलं होतं.

नाना पेठेत रंगाच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदार मुसलमान, माझ्याहून थोडा लहान. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मी तिथं जातो. बायकोच्या मयताला तो आला होता. आता डाग काढायला पॅड आणायला गेलो, तर मला पायरीवर बघूनच म्हणाला,

"या मिस्त्री, या. यंदा लई उशीर केला."

मला कळेना. "कशाला उशीर?"

"धंदा बंद केला तरी दसऱ्यानंतर एक पॅड न्यायलाच येता की दरसाल. कडकवाला. यंदा आलाच नाहीत, म्हटलं..." बोलता बोलता त्याला उमजलं. त्यानं मान खाली घातली. मग समोरच्या टपरीकडं हात करून दोन चहा सांगितले.

त्यानं काउंटरवर पॅड मांडले. पिवळे, नारिंगी, पांढरे, काळे, निळे. मी म्हणालो, "नारिंगी दे. मधला."

"रंगावर जाऊ नका. तुमच्या वेळच्या कंपनीचा नारिंगी मधला होता. ह्यांचा नारिंगी सगळ्यात कडक. ह्या तिसऱ्यांचा काळा मऊ, आणि ह्या चौथ्यांचा काळा म्हणाल तर चामडी सोलेल."

"मग ओळखायचं कसं?"

"तुम्ही मला विचारताय? दाबा की."

मी एकेक दाबून बघितला. कडक पॅड अंगठ्याला लगेच उलटा ढकलतो, दारातून हाकलल्यासारखा. मधला जरा थांबून ढकलतो. मऊ पॅड अंगठा आत घेतो, आणि सोडला की खड्डा सावकाश भरून येतो. तो मी एकदा दाबला, पुन्हा दाबला. दवाखान्यातला हात असाच भरून यायचा. मी पॅड दाबत उभा राहिलो. चहावर साय धरली.

मग त्यानं विचारलं, "डाग किती दिवसांचा?"

"दसऱ्यापासूनचा."

"मग मऊनं काय होणार? मऊ नुसती चमक देणार."

"दे तरी."

"मिस्त्री, डाग काढायचाय का चमकवायचाय, आधी ते सांगा. पॅड मागनं बघू."

मी तिन्ही घेतले, मऊ, मधला आणि कडक. तळहाताएवढे छोटे, जागा तेवढीच होती म्हणून. कडक मात्र पांढराच पाहिजे म्हणून त्याला माळ्यावर चढवलं. गडद पॅडवर चूक झाकून जाते. पांढऱ्यावर काय निघून येतंय ते दिसतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी धुतली, पुसली, कडेनं टेप लावला. सुरुवात मऊ पॅडनं करायची. हलक्या हातानं जे जातं त्याला जड हात लावू नये, हा धंद्याचा पहिला नियम. तो मी लोकांच्या गाड्यांना पाळला.

मशीन चालू केलं. तिला मशीन चालू असतानाच बोलायची खोड होती. मागं येऊन काहीतरी म्हणायची. मी ओरडायचो, "काय?" मशीन बंद करून वळेपर्यंत ती "काय न्हाई" म्हणून घराकडं निघालेली. त्या दिवशी मशीनच्या घरघरीत ती बोलली. मी बंद केलं. मागं कुणी नव्हतं. शेजारच्या सोसायटीत पाण्याचा टँकर रिकामा होत होता. पुन्हा चालू केलं, पुन्हा बोलली. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चढउतार तिचीच, शेवटाला वर जाणारी. दुसऱ्यांदाही मी वळून बघितलं. तिसऱ्यांदा मशीन बंदच केलं नाही. म्हटलं, बोल तू.

मऊ पॅडनं बारीक चरे गेले आणि बॉनेटचा आरसा झाला. स्वस्तिक आधीपेक्षा ठळक झालं. भोवती चकाकी आल्यावर त्याचा पुसटपणा आणखीच उठला. मग मधला पॅड लावला. तसंच. ती चिरलेली रेघ, तो आखूड हात, जणू आत्ताच काढून आत गेली असावी.

उरला कडक. तो चौथ्या हाताच्या टोकावर ठेवला. ठेवला, उचलला, परत ठेवला. मग मनातल्या मनात दहा म्हणेपर्यंत फिरवला आणि पॅड उलटा करून बघितला.

पांढऱ्या पॅडवर निळी कडी उमटली होती.

क्लिअर घासला तर पॅडवर औषधाचंच पांढरट येतं. निळं आलं म्हणजे क्लिअर संपला आणि खालच्या रंगाला हात लागला. दहा म्हणेपर्यंत फिरवल्यानं धडक्या क्लिअरला काही होत नाही. मी पॅड पुसून बॉनेटच्या कडेला फिरवून बघितला. पांढराच. दुसऱ्या कडेला, पांढराच. मधोमध आलो की निळा. बरोबर जिथं ती दरसाल काढायची तेवढ्याच जागेत.

अकरा वर्षं मी तीच जागा कडक पॅडनं घासत होतो. कुंकू एवढं खोल का उतरलं तेही तेव्हा कळलं. अडवायला वर काही ठेवलंच नव्हतं मी. चाळीस वर्षं ज्या चुकीवरून दुसऱ्या कारागिरांना नावं ठेवली, ती माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर माझ्याच हातानं झाली होती. आणखी घासलं असतं तर स्वस्तिक गेलं असतं आणि त्या जागी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, करडा चट्टा उघडा पडला असता.

मी मशीनची पिन काढली आणि ओट्यावर बसलो. दुपारी जेवलो नाही.

पाडव्याला सकाळी लेक आली. गाडी बघून जागच्या जागी थांबली.

"आप्पा! हे तर जास्त दिसतंय!"

"दिसतंय."

"काढतो म्हणाला होतात."

"निघत नाही. अकरा वर्षं रागानं घासून मी तिथं कातडीच ठेवली नाही. आता हात लावला तर खालचं हाड दिसेल." मग सगळंच सांगितलं, निळ्या कडीपर्यंत. आणि तोंड उघडलंच होतं तर तेही सांगितलं. "दसऱ्याला तिला म्हणालो होतो, हात कसा झडत नाही तुझा."

ती गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "माहीत आहे मला. आईचा दुपारी फोन आला होता."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझा बाप माझ्या हाताला शिव्या देतोय, आणि त्याच हाताच्या चार पुरणपोळ्या खाऊन घोरतोय."

चार खाल्ल्या होत्या, खोटं नाही. मी विचारलं, "तिला लागलं होतं का?"

"मला काय माहीत, आप्पा? तिचं तिलाच माहीत."

बरं झालं, खोटं काही बोलली नाही ती.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आता काय करायचं?"

"बॉनेट नव्यानं रंगवायचं. जुना रंग काचपेपरनं घासून पार खालपर्यंत काढायचा आणि वर नवा मारायचा. वाघोलीत कुणीही रंगारी करून देईल."

"मग करून घेते."

"घे. पण रंग मारायला कुणालाही दे, घासायला देऊ नको. ते मी येऊन करीन. मशीन नाही, हातानं."

"तुम्हाला दिसत नाही, आप्पा."

"हाताला दिसतं."

ती गाडीत बसली. समोर बघितलं, मग माझ्याकडं. "येते," म्हणाली आणि गेली. शेडमध्ये गाडीच्या जागेवर तेलाचे दोन ठिपके राहिले.

संध्याकाळी तिचा फोन आला. सासूबाई कुंकवाचं ताट घेऊन ओवाळायला बाहेर आल्या होत्या. बॉनेट बघून म्हणाल्या, हे काय, आधीच काढून आणलंस की. आणि नुसत्या अक्षता टाकून आत गेल्या. "मी काही बोलले नाही," लेक म्हणाली.

याला आता सहा रविवार झाले. घासायचा पेपर आधी भिजवावा लागतो, म्हणजे मऊ पडतो आणि ओरखडे काढत नाही. दर शनिवारी संध्याकाळी मी पाच-सहा तुकडे पाण्यात टाकतो आणि वाघोलीला जायचे कपडे काढून ठेवतो. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. "आप्पा, आज नको. आज पेपर तपासायचेत." किंवा पाहुणे यायचेत, किंवा गाडी यांना पाहिजे. "पुढच्या रविवारी नक्की."

मी बरं म्हणतो. का म्हणून विचारत नाही. तुकडे पाण्यातून काढतो आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालतो.